हक्कांची वंशावळ नको, दाद हवी

२६ नोव्हेंबरचा संविधान दिन आणि १० डिसेंबरचा मानवी हक्क दिन यांत जेमतेम पंधरवड्याचं अंतर आहे, आणि दरवर्षी त्या पंधरवड्यात एक वाद हमखास रंगतो. एक पक्ष म्हणतो, मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची कल्पना, आपली संस्कृती कर्तव्याची. दुसरा म्हणतो, हक्कांचा विचार आपल्याकडे हजारो वर्षं होताच, युरोपकडून घेण्यासारखं त्यात काही नाही. ही दोन विधानं एकमेकांना छेद देतात, तरी ती एकाच व्यासपीठावरून, कधीकधी एकाच भाषणातून ऐकू येतात. त्यांना उत्तर देणारे मग तिसरं टोक गाठतात. १२१५ ची इंग्लंडच्या राजाची सनद म्हणजे मॅग्ना कार्टा, १७८९ चा फ्रेंच जाहीरनामा, १९४८ चा संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा अशी सरळ रेघ ओढून ते भारताला त्या रेघेच्या शेवटी शिकाऊ म्हणून उभं करतात. हक्काची कल्पना जन्मली कुणाच्या घरी, या एकाच प्रश्नावर तिन्ही पक्ष भांडताहेत, आणि तो प्रश्नच चुकीचा आहे.

हक्कांची वाढ दोन गोष्टींनी झाली. आधीच्या सनदेतून वगळलेली माणसं तीच सनद हातात घेऊन जाब विचारायला पुढे आली. आणि तो जाब ऐकून घेणं कुणावर तरी बंधनकारक झालं. कोणत्या अधिकाऱ्याने, किती दिवसांत, आणि टाळल्यास कोणती शिक्षा, हे लिहून ठेवावं लागलं. यातलं एक जरी नसलं तरी सुंदर वचनं उरतात, हक्क उरत नाही. या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा शिकाऊचा नाही. माणसाचं स्वातंत्र्य राजा जितकं हिरावतो तितकंच जात, शेजार आणि घर हिरावतं, आणि हक्क त्यांच्याविरुद्धही चालला पाहिजे, ही गोष्ट इथल्या माणसांनी रस्त्यावर आणि कोर्टात जितक्या नेटाने मांडली तितकी त्या काळी फार थोड्या ठिकाणी मांडली गेली.

परंपरेच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा त्या बाजूचे वक्ते क्वचितच देतात. तो अशोकाच्या चौथ्या स्तंभलेखात आहे. रज्जुक नावाच्या अधिकाऱ्यांना अशोक सांगतो की, न्यायाच्या कामकाजात आणि शिक्षेत समानता असावी. देहदंड ठोठावलेल्या कैद्याला तीन दिवसांची मुदत मिळावी, म्हणजे त्याचे नातेवाईक रदबदली करू शकतील. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कैद्याला मुदत देण्याचा हा लेखी आदेश आहे आणि त्याचं मोठेपण नाकारणारा माणूस प्रामाणिक नाही. शिवाजी महाराजांची सुभेदारांना आणि लष्कराला गेलेली पत्रंही तशीच. रयतेच्या भाजीच्या देठालाही धक्का लागू नये इतक्या बारकाव्याने ती लिहिलेली आहेत. पण रज्जुकाने ती तीन दिवसांची मुदत दिलीच नाही, तर कैद्याच्या भावाने कुणाच्या दारात जायचं? राजाच्याच. आणि राजा दुसरा आला तर? आज्ञा चांगली असणं आणि ती मोडल्यावर प्रजेला दाद मागता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाद मागायची सोय आपल्याकडे अजिबात नव्हती असंही नाही. गोतसभा म्हणजे गावकऱ्यांच्या न्यायसभा बसत, महजर म्हणजे निवाड्याचे लेख लिहिले जात, त्यावर पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांच्या निशाण्या उमटत. वतनदाराचे हक्कलाजिमे, म्हणजे मानाचे आणि उत्पन्नाचे हक्क, लेखी होते, वारशाने जात, गहाण पडत, विकले जात, आणि त्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालत. म्हणजे हक्क होते आणि त्यांची दादही होती. ते हक्क वतनाचे होते. ज्याच्याकडे वतन नाही त्याला माणूस म्हणून त्या सभेत मागण्यासारखं फार थोडं होतं.

इंग्लंडची मॅग्ना कार्टा काय वेगळी होती? तिचं प्रसिद्ध ३९ वं कलम ‘स्वतंत्र माणसा’ला बेकायदा अटकेपासून संरक्षण देतं, आणि त्या काळच्या इंग्लंडमधले बहुसंख्य शेतकरी जमीनदाराला बांधलेले, म्हणजे त्या व्याख्येबाहेरचे होते. ५४ वं कलम तर सांगतं की नवऱ्याच्या खुनाखेरीज इतर कुणाच्या मृत्यूबद्दल बाईने केलेल्या आरोपावरून कुणाला अटक करू नये. राजाने सनद मोडली तर २५ सरदारांनी त्याच्यावर जबरदस्ती करावी असं ६१ वं कलम होतं. १२१६ मध्ये सनद पुन्हा काढली तेव्हा तेच गाळलं. मूळ सनद तर पोपने अडीच महिन्यांच्या आत रद्द ठरवली होती. सरदारांचं हे वतनपत्र आज मानवी हक्कांची जननी म्हणून मिरवतं, कारण पुढच्या चारशे वर्षांत इतरांनी ते आपल्यासाठी वाचलं. १३५४ च्या कायद्यात ‘स्वतंत्र माणूस’ जाऊन ‘कोणत्याही दर्जाचा वा स्थितीचा माणूस’ आला. १६२८ च्या हक्कांच्या अर्जात संसदेने तेच कलम चार्ल्स राजापुढे धरलं.

माझ्या मते हक्कांच्या इतिहासातलं सगळ्यात शिकवणारं पान कोणत्याही जाहीरनाम्यात नाही. ते १६७९ च्या हेबियस कॉर्पस कायद्यात आहे, ज्याला आपण आज बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतो. कैद्याला न्यायाधीशापुढे आणा, हा हुकूम त्याआधीही निघत असे, पण तुरुंगाधिकारी आणि मंत्री त्याला शेकडो पळवाटा काढत. १६७६ मध्ये फ्रान्सिस जेंक्स नावाच्या लंडनच्या कापड व्यापाऱ्याला एका भाषणावरून कैद झाली आणि न्यायालयाला सुट्टी आहे या सबबीवर त्याला दाद नाकारली गेली. १६७९ चा कायदा अशा पळवाटा एकेक करून बुजवत जातो. कैद्याने मागितल्यावर सहा तासांत वॉरंटची नक्कल द्यायची. तुरुंग वीस मैलांच्या आत असेल तर तीन दिवसांत कैदी हजर करायचा, शंभर मैलांपर्यंत दहा दिवसांत, त्यापुढे वीस दिवसांत. चुकारपणा करणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला पहिल्यांदा १०० पौंड दंड, दुसऱ्यांदा २०० पौंड आणि नोकरीतून कायमचा बाद. सुट्टीचं कारण सांगून हुकूम नाकारणाऱ्या न्यायाधीशाला ५०० पौंड. कैद्याला एका कोठडीतून दुसरीत फिरवत ठेवायला मनाई, समुद्रापार पाठवायला मनाई. या संपूर्ण कायद्यात मानवी प्रतिष्ठेवर एक वाक्य नाही. तरीही जामिनाची रक्कम अवाच्या सवा लावून कैदी अडकवून ठेवायची पळवाट उरलीच, आणि १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये तीही बंद करावी लागली. पुढे १७७२ मध्ये जमैकाला विकायला निघालेल्या जेम्स सॉमरसेट या गुलामाला जहाजावरच्या बेड्यांतून याच हुकुमाने सोडवलं. १६७९ च्या खासदारांच्या मनात तो कधीच नव्हता.

पाश्चात्त्यविरोधी पक्षाचा खरा बिनतोड मुद्दा इथे सुरू होतो, आणि तो पूर्ण मान्य केला पाहिजे. तुरुंगाधिकाऱ्याला सहा तासांची मुदत घालणाऱ्या याच इंग्लंडने बंगालात १८१८ चं तिसरं रेग्युलेशन आणि मुंबई इलाख्यात १८२७ चं पंचविसावं रेग्युलेशन केलं. आरोप नाही, खटला नाही, मुदत नाही. सरकारच्या मर्जीपर्यंत माणूस राजबंदी. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या खुनानंतर नातू बंधूंना याच रेग्युलेशनखाली उचललं. तिकडे फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली आणि १८०२ मध्ये नेपोलियनने ती वसाहतींत परत आणली. स्वातंत्र्य, समता, बंधुता या शब्दांचा अर्थ हैती या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांना फ्रेंच फौजेशी लढून घ्यावा लागला. हे सारं खरं आहे. पण यातून काय सिद्ध होतं? हक्कांची भाषा लबाड आहे, हे? की ती भाषा लिहिणाऱ्याच्या मालकीची राहत नाही, हे? खटल्याविना कैद करू देणाऱ्या रौलट कायद्याविरुद्ध १९१९ मध्ये देशभर जी घोषणा झाली ती ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ ही होती. लोक नेमकी ती दाद मागत होते जी साम्राज्य स्वतःच्या घरी देत होतं.

‘आपलं’ आणि ‘परकं’ ही विभागणी किती फसवी आहे हे पाहायला मुंबईतला रखमाबाईंचा खटला पुरेसा आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला गेल्याच नव्हत्या. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी याने त्यांना नांदायला लावावं म्हणून हायकोर्टात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंग पत्करेन पण जाणार नाही, असं रखमाबाईंनी कळवलं. ‘केसरी’सकट सनातनी मत त्यांच्यावर तुटून पडलं, हिंदू धर्मावर घाला आला अशी ओरड झाली. आता हा दावा मुळात कुठला? न्यायालयाकरवी बायकोला नांदायला आणण्याचा दावा धर्मशास्त्रात नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतला, इंग्रज न्यायाधीशांनी इथे आणलेला. पिन्ही यांची हरकत हीच होती की परक्या कायद्याचं हे रोप इथे लावणं बरं नव्हे, तेही जिथे संसार कधी सुरूच झाला नाही अशा लग्नात. त्यात आणखी एक गोष्ट. असा हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने १८८४ मध्येच काढून टाकली होती. म्हणजे लंडनमध्ये बाईवरून उतरवलेलं जोखड मुंबईत शिल्लक होतं, आणि त्या परदेशी जोखडाचं रक्षण ‘आपली संस्कृती’ म्हणून चाललं होतं. स्वतःच्या देहावर स्वतःचा अधिकार ही मागणी करणारी मात्र मुंबईची एक मराठी मुलगी होती. ती मागणी तिला कुणी विलायतेहून पाठवली नव्हती. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. इंग्लंडने तो दावाच १९७० च्या कायद्याने बंद केला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या नवव्या कलमात बसला. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी ते वैध ठरवलं.

आता महाडकडे येऊ. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत हा रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला. तीन वर्षं एकही माणूस पाणी भरू शकला नाही, कारण आडवा येणारा सरकारचा शिपाई नव्हता, गाव होतं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांच्या मागे हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यावर मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि डिसेंबरात गावातल्या सवर्णांनी दावा लावून दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरच्या परिषदेत आंबेडकरांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. तुलना अनुकरणाची नव्हती. फ्रेंचांपुढे राजा होता. महाडमध्ये शेजारी होता. दावा दहा वर्षं चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने वादींचं अपील फेटाळलं, ते कशावर? सर्व माणसं समान आहेत म्हणून नव्हे. अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट स्मरणातीत काळापासून आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही, म्हणून. याचा अर्थ, ती वहिवाट पुरेशी जुनी आहे असं कागदपत्रांनी दाखवता आलं असतं तर निकाल उलटा जाण्याची वाट मोकळी होती.

संविधानातला १५ व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड या पार्श्वभूमीवर वाचावा. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी यादी त्यात आहे, आणि हे बंधन केवळ शासनावर नाही. १७ वा अनुच्छेद अस्पृश्यता कुणीही पाळली तरी गुन्हा ठरवतो. ही गोष्ट किती नवी होती हे अमेरिकेकडे पाहिलं की कळतं. तिथे यादवी युद्धानंतर कायद्यापुढे समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती झाली, १८७५ मध्ये खाणावळी, नाट्यगृहं, वाहनं यांत भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला, आणि १८८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला: घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसांना नाही. तसा कायदा पुन्हा व्हायला तिथे १९६४ उजाडलं. ज्योतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली होती. विचार असेच जातात-येतात. ज्याच्याकडून घेतला त्याच्या पुढेही नेता येतो.

राहिला कर्तव्याचा मुद्दा. तो हलका नाही. गांधीजींनीही १९४७ मध्ये युनेस्कोच्या विचारणेला उत्तर देताना हक्क कर्तव्यातूनच येतात असं लिहिलं होतं. एकाचा हक्क म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी कर्तव्य, हेही खरं. म्हणूनच विचारायला हवं की कर्तव्य कुणाचं. महार वतनात कर्तव्याची कमतरता कधी होती? घरातला कर्ता माणूस हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याने सरकारी कामाला जायचं, वेळी-अवेळी जायचं, मोबदला तुटपुंजा. १९२८ मध्ये आंबेडकरांनी वतन कायदा दुरुस्त करण्याचं विधेयक आणलं ते याविरुद्ध. कर्तव्य आधी, हक्क मागाहून, हा क्रम ज्यांनी शतकानुशतकं पाळला त्यांचा ‘मागाहून’ कधी आलाच नाही. आणि आपल्या संविधानात मूलभूत कर्तव्यं आली कधी? ४२ व्या घटनादुरुस्तीने, १९७६ मध्ये, आणीबाणीत. त्याच वर्षी २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ठरवलं होतं की आणीबाणीत स्थानबद्धाला बंदी प्रत्यक्षीकरणाची दाद मागता येणार नाही. नऊ उच्च न्यायालयांनी त्याआधी उलट निकाल दिले होते. एकटे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना विरोधात गेले. ज्या वर्षी हक्काची दाद बंद होती, त्या वर्षी नागरिकाला कर्तव्यांची यादी मिळाली.

१९४८ च्या वैश्विक जाहीरनाम्याबद्दल थोडक्यात. तो गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी लिहिला हे खरं नाही: मसुदा करणाऱ्यांत चीनचे चांग आणि लेबनॉनचे मलिक होते, आणि पहिल्या कलमातले ‘सर्व पुरुष’ हे शब्द बदलून ‘सर्व मानव’ करायला लावले ते भारताच्या हंसा मेहतांनी. ४८ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, आठ तटस्थ. तटस्थांत वर्णभेदी दक्षिण आफ्रिका होती. पण त्यात दाद नव्हती, तो बंधनकारक नव्हता. त्याच्या एक दिवस आधी, ९ डिसेंबर १९४८ ला, संविधान सभेत आंबेडकर आजच्या ३२ व्या अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हणाले. तो अनुच्छेद कोणताही नवा हक्क सांगत नाही. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येईल एवढंच सांगतो.

म्हणून वाद घालायचाच तर तो पोलीस ठाण्याच्या पायरीवर घालावा. २२ वा अनुच्छेद म्हणतो, अटकेपासून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे. हे २४ तास कधीपासून मोजायचे? स्टेशन डायरीत अटक नोंदवल्यापासून मोजले जातात, आणि त्याआधी माणूस ‘चौकशीला बोलावलेला’ असतो. जेंक्सच्या काळातली पळवाट नाव बदलून तशीच उभी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाने म्हणूनच अटकेचा मेमो, त्यावर वेळ आणि तारीख, किमान एका साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी सांगितली. मेमोवरची वेळ खरी आहे का, हे पाहणारा दंडाधिकारी आणि विचारणारा वकील पहिल्या हजेरीला असला तरच त्या कागदाला किंमत.

याहून मोठी पळवाट त्याच अनुच्छेदाच्या उत्तरार्धात आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच माणसाला अडकवून ठेवण्यात, २४ तासांचा नियम लागू नाही, स्थानबद्धता तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे वकील मागण्याचा हक्क नाही, आणि ते मंडळ न बघता माणसाला तीन महिन्यांपर्यंत आत ठेवता येतं. महाराष्ट्रात एमपीडीए या झोपडपट्टीदादा वगैरेंविरुद्धच्या कायद्याखाली वर्षभराची स्थानबद्धता होऊ शकते. आणीबाणीचा अनुभव घेऊन आलेल्या संसदेने १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीत यावर उपाय केला होता: तीन महिन्यांचे दोन महिने करायचे, आणि सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने, पदावर असलेल्या न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली बनवायचं. दुरुस्ती दोन्ही सभागृहांत मंजूर झाली, राष्ट्रपतींची सही झाली. ते एक कलम अमलात यायला केंद्र सरकारची अधिसूचना लागते. त्यानंतर सर्व रंगांची सरकारं आली आणि गेली. ती अधिसूचना कुणीही काढलेली नाही.